पूजेतले पट्टे

गंगाधरने आठवा पट्टा विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे घडी करून ठेवला आणि त्याच्या कडीला कुंकू लावलं. थाप्या, करवती, ओळंबे तिथे होतेच. पण उंचावर चढणाऱ्यांना बांधायचे हे सुरक्षापट्टे मिळावेत म्हणून त्याने आठ महिने ऑफिसचं डोकं खाल्लं होतं. नवा रायपूरच्या या साइटवर मजुरांच्या जिवाची काळजी करायला नेमलेला माणूस तो एकटाच. पट्टे आले, तर त्याला ते देवापुढे मिरवावेसे वाटले. यात त्याचं काय चुकलं?

प्रसाद वाटून होतो न होतो तोच इंजिनियरचा निरोप आला. नवव्या मजल्यावरची एक फळी वाऱ्याने सुटली होती. ती कोणाच्या डोक्यात पडण्याआधी बांधायला हवी होती. पांडुरंग दोरी घेऊन उठला. गोंदियाकडचा हा सेंट्रिंगवाला अठरा वर्षं उंचावरच काम करत आला होता. त्याची बायको कमला नळावर प्रसादाचं पातेलं घासत होती.

"पट्टा बांध," गंगाधर म्हणाला.

"पूजेतल्या अवजाराले आज हात नाही लावत, भाऊ. फळी हातानंच बांधतो."

"पट्टा काय अवजार होय का?"

"मंग पूजेत काहून ठेवला? तुम्हीच तं कुंकू लावलं." पांडुरंग हसला. "पाच मिनिटांचं काम हाये. पूजा नका मोडू."

गंगाधरचा हात पट्ट्यापर्यंत गेला होता. सगळे बघत होते. त्याने शेजारची उदबत्ती सरळ केली आणि हात मागे घेतला.

पाच मिनिटंही लागली नाहीत.

इंजिनियर धावत आला. वरून रेतीच्या ढिगाशी पडलेल्या पांडुरंगची नाडी त्याने पाहिली. ती लागत नव्हती. त्याने गंगाधरला बाजूला घेतलं.

"भैया, पुलिस आने के पहले बेल्ट पहना दो. लिख देंगे, हुक खुल गया था."

गंगाधरने तसबिरीपुढचा पट्टा उचलला. या वेळी हात अडखळला नाही, कोणी पूजेचं नावही काढलं नाही. तो पांडुरंगपाशी गुडघ्यांवर बसला. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या कमलाने पट्ट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता बांधता का, भाऊ?"

तिचा आवाज चढला नव्हता. गंगाधरला स्वतःची किळस आली. फाटकातून पोलिसांची जीप आत वळली. इंजिनियर हाताने घाई करण्याची खूण करत होता. गंगाधर उठला, जीपपर्यंत चालत गेला आणि कुंकू लागलेला तो पट्टा त्याने हवालदाराच्या हातात दिला.

"ये पूजा में था, साहब. मैंने रखा था."