जलनाथाचं पिवळं पाणी

ग्रामपंचायतीपुढं सारं गाव टाचा उंचावून उभं होतं. जलनाथ महाराजानं नळाच्या पाण्यात चार थेंब टाकले आणि ग्लास पिवळाजर्द झाला. बायांनी तोंडाला पदर लावले.

"पाह्यलं? हाच तो रोग! सरकारी टाकीत हागवण पोहून राह्यली. आता मठाच्या विहिरीचं पाहा." त्या ग्लासात तेच थेंब पडले. पाणी जसंच्या तसं. "गंगा हाय, गंगा."

झालं. लोकांनी भरल्या घागरी तिथंच ओतल्या आणि मठाकडं निघायची घाई करू लागले. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई नलूला शिसारी आली. आठवडाभर मठात हाच चमत्कार चालला होता आणि अर्धं गाव तिथलंच पाणी पीत होतं. गावात हागवणीचे सतरा रोगी, तिची सासू जमनाबाई तीन दिवसांपासून अंथरुणाला खिळलेली, आणि तिलाही पाणी हवं ते मठाचंच. सकाळी तिनं ओआरएसचा पेला ढकलून दिला होता. म्हणाली, "टाकीचं पिवळं पाणी पाजून मारतं का मले?"

ते थेंब नलूच्या ओळखीचे होते. मागच्या महिन्यात साथीचा सराव झाला होता, म्हणजे साथ आली तर लोकांना काय सांगायचं याची रंगीत तालीम. तेव्हा तिनंच ते टाकीच्या पाण्यात टाकले होते. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, "ताई, ग्लास कॅमेऱ्याकडं धरा." फोटो निघाले, चहा झाला, गाड्या गेल्या. पिवळं म्हणजे काय, हे गावाला सांगायचं राहूनच गेलं. थेंबांची एक बाटलीही त्याच दिवशी गायब झाली होती.

नलू पुढं झाली. "महाराज, टाकीत घालतो ते ब्लिचिंग तुमच्या गंगेत चिमूटभर टाकू?"

"बाईचा हात लागला का तीर्थ बाटते."

"टाकू द्या ना," म्हातारे बाबाराव म्हणाले. "गंगेले काय होते?"

नलूनं मठाचं पाणी दुसऱ्या ग्लासात घेतलं, चिमूट टाकली, ढवळलं आणि महाराजाच्याच बाटलीतले थेंब सोडले. पाणी पिवळंजर्द.

"आता गंगेत रोग आला का, महाराज?" तिनं लोकांकडं तोंड केलं. "हे थेंब रोग दाखवत नाही. ब्लिचिंगचं औषध दाखवते. पिवळं झालं म्हणजे पाणी चांगलं. मठाच्या पाण्यात औषध नाही, म्हणून ते पांढरं राह्यलं, अन् तेच पिऊन तुमी हगून राह्यले. हे मले तवाच सांगाले पाह्यजे होतं. मी फोटोले उभी राह्यली."

महाराज देवीचा कोप सांगू लागला. बाबारावांनी बाटलीवरचं भस्म पुसलं, खाली आरोग्य खात्याचा शिक्का निघाला. ते महाराजाच्या पायांपाशी थुंकले.

घरी येऊन नलूनं टाकीचं पाणी सासूसमोर तपासलं, थेंब पोटात जायचे नसतात म्हणून पिवळं झालेलं फेकलं आणि त्याच घागरीतल्या चांगल्या पाण्यात ओआरएस कालवलं. सारं ऐकून जमनाबाई घोटघोट प्याली. मग क्षीण आवाजात म्हणाली, "येवढंच होतं, तं पयले काहून नाही सांगितलं व?"

नलूनं पेला पुन्हा भरला. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, बाटलीत काय आहे. आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्यानं विचारायची वाट पाहू नये.