कोसमटोल्यात माझा आवाज निघाला नाही

मी कोसमटोल्याचा अॅम्प्लिफायर बोलतोय. गावात या नावानं मला कोणी कधी हाक मारली नाही. सगळ्यांसाठी मी ‘मशीन’ होतो, आणि शाळेच्या छतावरचे दोन भोंगे म्हणजे माझं तोंड.

चिमूर तालुक्यातलं हे गाव जंगलाला खेटून आहे. मोहफुलाच्या दिवसांत बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात आणि वाकून फुलं वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं इथले लोक सांगतात. म्हणून ग्रामसभेनं मला आणलं. पाळतीवरच्या माणसांना वाघाचे ताजे ठसे दिसले की ते माझी देखभाल करणाऱ्या झिंगूभाऊंना फोन करणार, आणि झिंगूभाऊ माझ्यातून साऱ्या रानाला सांगणार, असं ठरलं.

मला बसवायला चिमूरहून रंजीता आली. आयटीआयमध्ये वायरिंग शिकलेली, मोजकं बोलणारी बाई. तिनं शाळेमागं खड्डा खणून अर्थिंगची सळई पुरली, वर कोळसा आणि मीठ टाकलं. मला भिंतीपासून वीतभर पुढं, लाकडी फळीवर ठेवलं, म्हणजे माझ्या पाठीला वारा लागावा. वीज गेली तर असावी म्हणून बॅटरी जोडली.

“भाऊ, या दोन भोंग्यांच्या वर काई जोडाचं नाई,” ती झिंगूभाऊंना म्हणाली. “अन् हा फ्यूज उडला त चिडू नोका. तो उडते म्हणून मशीन वाचते. त्याच मापाचा दुसरा टाका. तार गुंडाळू नोका.”

“नाई गुंडाळत, बाई,” झिंगूभाऊ म्हणाले, आणि जादा फ्यूजची डबी त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली.

दोन हंगाम मी माझं काम केलं. “आयका वो बायांनो, नाल्याकडं वाघ हाय. टोपल्या ठेवा, घरी या!” झिंगूभाऊंचा आवाज माझ्यातून नाल्यापलीकडच्या मोहापर्यंत जायचा. बाया अर्ध्या टोपल्या घेऊन कुरकुरत परत यायच्या. झिंगूभाऊंची बायको अन्नपूर्णा हसायची. “घरात त तोंडातून शब्द निंघत नाई तुमच्या. मशीन समोर आली का बोलाले लागता.”

मग पत्रूच्या बहिणीचं लग्न निघालं. पत्रू शेजारचाच, झिंगूभाऊंच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्या दिवशी झिंगूभाऊ चिमूरच्या बाजाराला गेले होते. माझ्या खोलीची किल्ली अन्नपूर्णाजवळ होती, म्हणून लग्नात गाणी लावायला पत्रू मला तिच्याकडं मागायला आला.

“ने बापा,” ती म्हणाली. “पण दिवस बुडाच्या आत आणून ठेवजो.”

मांडवात पत्रूनं मला भोंग्यांऐवजी भाड्यानं आणलेल्या स्पीकरच्या चार मोठ्या पेट्या जोडल्या. तेवढं ओझं मला पेलणारं नव्हतं. फ्यूज उडाला. वरात दारात उभी होती, लोक ओरडत होते. पत्रूनं एका वायरीतली तार काढून फ्यूजच्या जागी पिळली. गाणं पुन्हा सुरू झालं, आणि माझ्या आत काहीतरी जळू लागलं. अर्ध्या तासात माझा आवाज गेला.

“गरम झाली असन. थंडी झाली का चालन,” पत्रू स्वतःशीच म्हणाला. त्यानं मला फळीवर जसंच्या तसं ठेवलं, भोंग्यांच्या तारा जोडल्या आणि किल्ली परत दिली. कोणाला काही सांगितलं नाही. मला सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताज्या ठशांचा फोन आला आणि झिंगूभाऊ धावत आले. त्यांनी बटण दाबलं. माझा तांबडा दिवा नेहमीसारखा लागला.

“आयका वो बायांनो…”

भोंगे गप्प. त्यांनी माइक हलवला, मला थोपटलं, पुन्हा बटण दाबलं. मग माइक तिथंच टाकून ते नाल्याच्या दिशेनं ओरडत पळाले. त्यांच्या हाका ऐकून अलीकडच्या बाया परत आल्या. अन्नपूर्णाचा मोह नाल्यापलीकडं होता.

तिला आणलं तेव्हा ऊन वर आलं होतं.

चार दिवसांनी रंजीता आली. तिनं माझं झाकण उघडलं आणि आतली काळी पडलेली तार बाहेर ओढली. “फ्यूजच्या जागी तार कोणं टाकली?”

खोलीत झिंगूभाऊ होते, दारात पत्रू.

“मी,” पत्रू म्हणाला. “काका, मीच टाकली. सांगाचं राहून गेलं.” आणि तो उंबऱ्यावरच बसला.

झिंगूभाऊ त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

आता फळीवर नवं मशीन आहे. मी शाळेच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांखाली पडून आहे. मी दुरुस्त होणार नाही, आणि माझं तसं मागणंही नाही. एवढंच सांगतो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र मध्येच बंद पडलं, तर त्याला जबरदस्तीनं चालवू नका. आणि हातून बिघडलंच, तर लाजून गप्प राहू नका. तेवढ्यानं एक माणूस वाचलं असतं.

यंदा मोहफूल पडू लागलं, तेव्हा झिंगूभाऊंनी माइक हाती घ्यायला नकार दिला. आता रोज उजाडताना पत्रू येतो आणि फोन आला की तोच माइकवर बोलतो. पहिल्या दिवशी त्याचा आवाज इतका कापत होता की इतक्या जवळच्या कपाटातही मला शब्द कळेनात. बाहेर पायरीवर झिंगूभाऊ येऊन बसले होते.

“जोरानं बोल, पत्रू,” ते म्हणाले. “नाल्यापल्याड गेलं पायजे.”

पत्रूनं घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.