‘शक्यतो’ काढा

माझं काम दुसऱ्याच्या वाक्यात खोड काढायचं, आणि स्वभावही तसाच, असं माझे वडील, आप्पा म्हणतात. आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पासवर्डसारख्या गुप्त डिजिटल किल्ल्या तयार होतात. त्या कशा तयार करायच्या, याची माहिती प्रोग्रामरांसाठी मराठीत लिहायची होती. लिहिणारा धम्मदीप, दौंडचा. तपासणारी मी, वडगाव रासाईची. दोघंही घरून काम करणारे. भेट एकदाच, ट्रेनिंगला, तीही चहाच्या रांगेत.

पहिल्याच मसुद्यात त्यानं लिहिलं, ‘खासगी किल्ली शक्यतो कुणालाही देऊ नये.’ मी शेजारी शेरा मारला, ‘शक्यतो काढा. आमच्या गावात घराला कुलूप लावलं की किल्ली शेजारच्या सिंधूबाईंकडे जाते. शक्यतो वाचलं तर लोक हीसुद्धा देऊन मोकळे होतील.’ त्याचं उत्तर आलं, ‘दौंडलाही तसंच आहे, मॅडम. काढतो.’

शब्द काढला. पुढच्या मसुद्यात तो दुसऱ्या वाक्यात येऊन बसला. ‘जुनी किल्ली पुसण्याआधी शक्यतो इशारा द्यावा.’ मी पुन्हा झापलं. मग तिसरीकडे. एवढा हुशार माणूस एकच चूक परत परत करतो म्हणजे मुद्दाम करतो, हे कळायला मला वेळ लागला. कळल्यावर मी झापणं वाढवलं. त्याच्या उत्तराची वाट बघताना माझं ताट गार व्हायला लागलं. मला तो हवा होता. पण त्याचं आडनाव सांगितल्यावर आमच्या घरात काय होईल, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. म्हणून आम्ही आपले किल्ल्यांवरच बोलायचो.

आप्पा माझ्यासाठी स्थळ बघत होते. मी सांगून ठेवलं होतं, हे काम उरकल्याशिवाय पाहुणे बोलवायचे नाहीत.

शुक्रवारी नवा मसुदा आला. मी तो वरून खाली वाचला, मग खालून वर. ‘शक्यतो’ कुठंच नव्हता. एकही चूक नव्हती. मी फोन लावला.

“मॅडम, मला हैदराबादला नोकरी मिळतीय,” तो म्हणाला. “इथलं काम अर्धवट राहू नये म्हणून नीट तपासून दिलं. काय राह्यलं का?”

समोर ‘मंजूर’चं बटण होतं. ते दाबलं की शेरे बंद, आणि रविवारी पाहुणे.

“‘शक्यतो’ राह्यला,” मी म्हणाले.

तो हसेल असं वाटलं. हसला नाही. म्हणाला, “मग मंजूर नका करू. मीबी तिकडं अजून होय म्हटलं न्हाई.”

तेवढ्यात आप्पा दारात आले. “नंदे, उरकलं का तुझं? पाहुण्यास्नी काय सांगू?”

फोन चालूच होता. तिकडं ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणाले, “न्हाई उरकलं, आप्पा. बसा जरा. बोलायचंय.”