दर्यात मी जाणार नाही

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. तपकिरी रंगाचा, एक कान फाटलेला, वरळीच्या चाळीतला गावठी कुत्रा. ‘गावठी’ म्हटल्यावर कुणी नाक मुरडणार असेल, तर त्याने खुशाल आपल्या वाटेने जावे. मी कीव मागायला बसलेलो नाही. मला जे सांगायचे आहे, ते ताठ मानेने सांगणार आहे.

माझा जन्म चाळीच्या जिन्याखाली झाला. माझे डोळे उघडून फार दिवस झाले नव्हते, तोच कुत्री धरणारी गाडी आली आणि माझ्या आईला घेऊन गेली. माझीही पाळी आली होती. पण तळमजल्यावर राहणाऱ्या मालनने मला झटकन उचलून पदराखाली घेतले.

“बेवारशी आहे ना ते?” गाडीवाल्याने विचारले.

“बेवारशी कशाला असेल? माझं आहे,” ती म्हणाली.

तोपर्यंत मी तिचा नव्हतो. त्या वाक्याने झालो.

मालनचा नवरा दौलत मालवणकडचा. तो मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे काम करी. पहिल्याच दिवशी त्याने मला सुतळीने बांधले आणि मी ती कुरतडून टाकली. दुसरी बांधली, तीही कुरतडली. तेव्हा तो पोट धरून हसला. “ह्यो तर बंडखोर दिसता! ह्येचा नाव बंड्या ठेवया.”

मिलला सुट्टी असली की दौलत मला कोळीवाड्याच्या पुळणीवर नेई. तिथे होड्या ओढून ठेवलेल्या असत आणि पलीकडे मोकळी वाळू होती. त्याने वाळूवर, कधी उथळ पाण्यात काहीतरी फेकावे आणि मी धावत जाऊन ते आणावे, हा आमचा खेळ. मित्रांनो, त्या धावण्यात काय सुख होते ते तुम्हाला चार पायांशिवाय कळणार नाही!

दौलत फेकायचा तो मिलमधला एक मोडका धोटा. धोटा म्हणजे साच्यावर सूत इकडून तिकडे नेणारी लाकडी होडीच. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडाची अणी असते. एकदा मी तो हवेतच पकडायला गेलो आणि ती अणी माझ्या टाळूत घुसली. तोंडातून रक्त गळू लागले. दौलत घाबरला. मला खांद्यावर टाकून तो घरी धावत आला.

मालनने माझे तोंड धुतले. कित्येक दिवस तिने मला थंड पेज बोटाने चाटवली. धोटा तिने चुलीत घातला.

“अगो, सागवानाचा होता तो!” दौलत हळहळला.

“मग भात चांगला शिजेल,” ती म्हणाली.

नंतर तिने माझ्यासाठी चेंडू केला. कोळीवाड्यातल्या दुर्गाकडून जाळ्याला लावायचे हलके, तरंगणारे लाकूड आणले, त्याभोवती चिंध्या घट्ट गुंडाळल्या आणि वरून जाड दोऱ्याने शिवले. चेंडू माझ्या तोंडात मावेल, पण घशात जाणार नाही, एवढा मोठा होता. त्यानंतर तीही आमच्याबरोबर पुळणीवर येऊ लागली. कारण एकदा मी तहानेने समुद्राचे पाणी प्यालो होतो आणि घरी येऊन ओकून ओकून आडवा पडलो होतो. ती गोड्या पाण्याचा तांब्या बरोबर घेई. वाळूत उतरण्याआधी स्वतःचे अनवाणी पाऊल वाळूवर टेकवून पाही. चटका बसला तर म्हणे, “मला सोसवत नाही, तर त्याला कसं सोसेल? ऊन कलू दे.” मग आम्ही होडीच्या सावलीत बसून राहत असू. माझे पाय धावायला शिवशिवत. पण तिच्यापुढे माझे काही चालत नसे.

ते दिवस मुंबईत मोठ्या धामधुमीचे होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे वरून ठरले होते आणि गिरणगाव पेटून उठला होता. चाळीच्या भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिल्या होत्या. ‘झालाच पाहिजे’ ही आरोळी मी इतक्या वेळा ऐकली, की तिच्याबरोबर आपोआप भुंकायला शिकलो. दौलत प्रत्येक मोर्चाला जाई.

एका हरताळाच्या दिवशी तो मोर्चाहून आला तो खांद्यावर लाठीचा वळ घेऊनच. पण चेहरा कसा फुललेला! बरोबर त्याच्या शेजारच्या साच्यावरचा गणपत आणि मिलमधले आणखी काही जण होते. सगळे पुळणीवर जमले. मालन दुर्गाशी बोलत होड्यांपाशी उभी राहिली. त्या दिवशी वारा भरारा सुटला होता आणि दर्या गढूळ झाला होता. कोळ्यांनी एकही होडी पाण्यात घातली नव्हती.

“दौलत्या, तुझा बंड्या दर्यातून काय वाटेल ते आणतो म्हणे,” गणपत म्हणाला. “दाखव की!”

दौलतने चेंडू उचलला आणि सगळा जोर लावून पाण्यातल्या खडकांच्या पलीकडे फेकला.

मी धावलो. सवयच ती. पण पाण्याच्या कडेला पोहोचलो आणि माझ्या पंजांखालची वाळू सरकू लागली. परतणारी लाट मला आत खेचत होती. असे खेचणे मला माहीत नव्हते. मी मागे आलो, कोरड्या वाळूवर गेलो आणि खाली बसलो.

“जा! आण!” दौलत ओरडला.

मी बसून राहिलो.

“बंड्या, जा म्हणतंय ना!”

मी त्याच्याकडे पाहिले. तो माझा धनी होता, माझा जीव होता. पण स्वतःचा जीव मी त्या पाण्यात टाकणार नव्हतो. सगळे हसू लागले.

“घरचा कुत्रा ऐकत नाही,” गणपत म्हणाला, “आणि हा चाललाय दिल्लीला नमवायला!”

दौलतचा चेहरा काळवंडला. त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि तो माझ्याकडे आला. मी पळालो नाही. मी दात दाखवले आणि गुरगुरलो. त्याच्यावर मी तोवर कधीच गुरगुरलो नव्हतो.

मालन वाळूतून धावत आली आणि आमच्या मध्ये उभी राहिली.

“अहो, सकाळी तुम्ही दिल्लीला ‘नाही’ म्हणून ओरडलात, लाठी खाल्लीत. त्याला सगळे हिंमत म्हणाले. आणि यानं ‘नाही’ म्हटलं तर याला पट्टा?”

“तू बाजूला हो गो.”

“नाही होणार.”

तेवढ्यात दुर्गा मागून ओरडली, “आरं, त्या चेंडूकडं तर बघ!”

सगळ्यांनी पाहिले. चेंडू खडकांपाशी नव्हताच. क्षणभर तो एका लाटेवर दिसला, मग त्याहून लांबच्या लाटेवर, मग एक ठिपका झाला. पोहणाऱ्याला वळायलाही वेळ मिळाला नसता, इतक्या वेगाने दर्याने तो ओढून नेला. मग ठिपकाही दिसेनासा झाला.

कोणी हसले नाही. दौलत पट्टा कमरेला बांधू लागला. मग पट्टा तसाच लोंबत ठेवून तो माझ्याजवळ वाळूत बसला. मी अजून गुरगुरत होतो. तो उठला नाही. माझे गुरगुरणे थांबेपर्यंत त्याने मला हात लावला नाही.

गणपत पायाने वाळू उकरत उभा होता. तो म्हणाला, “वहिनी, मी उगाच चढवलं त्याला.”

“पुन्हा चढवून बघा,” मालन म्हणाली.

त्या दिवसापासून दौलत बदलला. मालनने शिवलेला नवा चेंडू तो फक्त वाळूवर, जमिनीच्या बाजूला फेकी. कुणी खवळलेल्या पाण्याकडे कुत्रा सोडताना दिसला, तर हा मोर्चातल्या आवाजात त्याच्यावर ओरडे. लोक त्याला वेडा म्हणत. म्हणोत.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. चाळीत पेढे वाटले, फटाके वाजले. त्यालाही आता काही वर्षे झाली. दौलतचे गुडघे धरले आहेत आणि माझे दात झिजले आहेत. पुळणीवर मला आता कोणी नेत नाही. मी माझा एकटा जातो.

मित्रांनो, मी तुम्हाला विनंती करत नाही, बजावतो आहे. आमच्यासाठी टोकदार काठी फेकू नका. घशात अडकेल असा चेंडू फेकू नका. गोडे पाणी बरोबर आणा, वाळू आधी आपल्या पायाने पाहा. आणि खवळलेल्या दर्याकडे बोट दाखवून ‘आण’ म्हणू नका. आम्ही जाऊ, कारण आमचा तुमच्यावर विश्वास आहे. त्या विश्वासाचा खेळ करण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

परवाचीच गोष्ट. ओहोटीला एक बूटवाले साहेब पुळणीवर आले. बरोबर साखळीला तुकतुकीत काळे कुत्र्याचे पिल्लू होते. त्यांनी साखळी सोडली आणि आत खेचणाऱ्या दर्यात काठी फेकली. पिल्लू धावले. मी माझ्या दुखऱ्या पायांनी जमेल तसा पळालो आणि पाण्याच्या कडेला त्याला आडवा झालो.

“ए, हट!” साहेब ओरडले. मी हटलो नाही. त्यांनी एक खडा मारला, तो बरगडीला लागला. मी हटलो नाही.

पिल्लाने माझ्याकडे पाहिले, लाटेकडे पाहिले. साहेब मागून हाका मारत राहिले. मग ते पोर हळूच आले आणि माझ्या शेजारी, कोरड्या वाळूवर, बूड टेकून बसले.