हिरव्यात लाल

पल्लवीने गाडी घेतली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, चला, हिची सकाळची तारांबळ संपली. गाडी सतरा वर्षांची, मुरबाडच्या एका डॉक्टरीणबाईंची. त्यांनी दवाखाना बंद केला आणि गाडीही काढून टाकली. पल्लवी मुरबाडलाच एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळी आटगावहून निघायचं, शहापूर, शेणवे, किन्हवली असं करत वाटेतल्या पेशंटांचं रक्त काढायचं आणि दहाच्या आत थर्माकोलचा डबा लॅबमध्ये पोचवायचा, हे तिचं काम. एसटीच्या भरवशावर ते होत नव्हतं.

पंधराच दिवसांत किन्हवलीच्या पुढे टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. तिने गाडी गार झाल्यावर बॉनेट उघडलं. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि तळाला गंज बसला होता.

“विहिरीचं पाणी घातलंय कुणीतरी वर्षानुवर्षं,” गॅरेजवाला रघू म्हणाला. “तुमीपण साधं पाणीच टाका मॅडम. कूलंट थंड मुलखातल्या गाड्यांना, पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?”

“बर्फाचं नाही रे. साध्या पाण्याने आतून गंजते, क्षार धरतात. इंजिन गेलं म्हणजे?”

“मग टाका कूलंट. कुठलंपण टाका, सगळं सारखंच.”

सगळं सारखंच! दिवसभर मिलिलिटरच्या हिशेबात जगणाऱ्या बाईला हे वाक्य सहन होईना. तिने मोबाईलवर त्या मॉडेलचं पुस्तक शोधून काढलं आणि रात्री बसून ते पान तीनदा वाचलं. कोणत्या जातीचं कूलंट, किती पाणी, सगळं लिहिलेलं होतं. दुसरं कूलंट त्यात मिसळू नये, घट्ट साय धरून नळ्या तुंबतात, हेही जाड अक्षरात होतं.

शनिवारी ती शहापुरात चंदरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. चंदरने लाल बाटली काउंटरवर आपटली. “हे घ्या ताई. भारीतलं आहे.”

“मला पुस्तकात दिलंय तेच हवंय. हे वेगळ्या जातीचं आहे.”

“लाल नको तर हिरवं घ्या. रंगाचं काय घेऊन बसलात?”

“मी रंगावर जातच नाहीये. रंग काय, कंपनी कुठलाही घालेल. बाटली फिरवा, मागचं लेबल वाचू द्या.”

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकजण हसला. चंदरने चार बाटल्या तिच्यापुढे मांडल्या आणि दुसऱ्याला बल्ब द्यायला वळला. तिने एकेक लेबल वाचलं. दोन तयार मिश्रणं होती, त्यात पाणी घालायचंच नव्हतं. एकावर जातच लिहिली नव्हती. चौथी बाटली तिला हवी तीच निघाली, निम्मं पाणी घालून वापरायची. योगायोगाने ती हिरवी होती.

“डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅनही द्या.”

“लेबल वाचून घेणारं पहिलंच गिऱ्हाईक,” चंदर म्हणाला. ते कौतुक नव्हतं.

रविवारी तिने रघूला घरी बोलावलं. सकाळी, इंजिन थंडगार असताना, रेडिएटर खालून उघडून ते तपकिरी पाणी बादलीत काढलं. साध्या पाण्याने धू धू धुतलं, शेवटी डिस्टिल्डने खंगाळलं. पल्लवीने मापाच्या भांड्याने एक लिटर कूलंट, एक लिटर पाणी असं स्वच्छ कॅनमध्ये कालवलं आणि हळूहळू ओतलं. गाडी चालू ठेवून आतली हवा जाऊ दिली. बादलीतलं पाणी रघू गटारात ओतायला निघाला, तेव्हा तिने त्याला अडवलं.

“जुनं कूलंटही उरलेलं असेल त्यात. गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं प्यायलं तर मरेल.” तिने ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून रघूच्या गॅरेजातल्या जुन्या ऑइलच्या पिंपाकडे धाडलं.

तिचे वडील केरूबाबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. भातसानगरला धरणावर तीस वर्षं पंप चालवून ते निवृत्त झाले होते. यंत्र म्हटलं की त्यांचे हात शिवशिवायचे. पण मुलीने काही हातच लावू दिला नव्हता.

दोन महिने काटा मधोमध राहिला. पल्लवी त्याच्याकडे बघायचंसुद्धा विसरली.

मग एका मंगळवारी सरळगावच्या अलीकडे काटा एकदम लाल रेघेला टेकला. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ येत होती. डब्यात अकरा नमुने होते. त्यात हिराबाईंचाही होता. सत्तरीची म्हातारी पाड्यावरून उपाशीपोटी चालत आली होती. तिची शीर सापडता सापडत नव्हती, तीनदा टोचल्यावर रक्त मिळालं होतं.

एक बाईकवाला थांबला. “पाणी आहे माझ्याकडं. झाकण खोलतो,” म्हणत त्याने रुमाल काढला.

“हात लावू नका!” पल्लवी ओरडलीच. “उकळतंय आत. तोंडावर उडेल.”

“अहो, मदत करतोय.”

“कळतंय. पण गार होऊ दे.”

तो पुटपुटत निघून गेला. तिने लॅबला फोन केला. तिथे कुणी मोकळं नव्हतं. एसटी भरून गेली. तासाभराने हात लावता येईल इतकी गाडी निवली, तेव्हा तिने झाकण सावकाश सैल केलं. आत हिरवं काहीच नव्हतं. मळकट, चिकट साय धरली होती, बोटाला सुटत नव्हती.

ती नुसती बघत राहिली. आपण काय चुकवलं? माप? पाणी? मग रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती चुकली नव्हती.

पुढच्या एसटीने ती डबा घेऊन लॅबला पोचली, तोवर उशिरामुळे अकरातले पाच नमुने बाद झाले होते. हिराबाईंचा त्यातच होता.

गाडी रघूने दोर बांधून, टोचन करून संध्याकाळी घरी आणली. पल्लवीने अंगणातूनच विचारलं, “गाडीत कुणी काय घातलं?”

आई, धोंडाबाई, दारात आली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“मीच टाकत होतो,” केरूबाबा म्हणाले. “सकाळच्याला बघायचो, तर टाकीत कमी दिसायचं. तू पेपर वाचत चा प्यायचीस, तवा थोडं थोडं टाकायचो.”

“गार गाडीत ते खालीच असतं, बाबा! तापलं की वर येतं. टाकीवरच्या दोन रेघांच्या मधे होतं ना?”

“मधे होतं. पण मला वाटलं, भरलेलं बरं.”

“आणि टाकलंत काय?”

ते आत गेले आणि बाटली घेऊन आले. लाल. निम्मी संपलेली. “चंदरकडनं आणली. पोरीच्या गाडीला भारीतलं दे, म्हनलं.”

“मला विचारायचं नाही का? एकदा? त्या पाच माणसांना मी उद्या काय सांगू? त्या म्हातारीला परत सुई टोचू?” तिचा आवाज चिरकला. “बाटलीवर लिहिलंय, दुसऱ्यात मिसळू नका! हे बघा, इथे!”

केरूबाबांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजी. “मला काय हे वाचता येतंय, गो?” ते म्हणाले.

पल्लवीने बाटली त्यांच्या हातातून घेतली. राग मात्र उतरला नाही. त्यांच्यावरचा थोडा चंदरकडे गेला, थोडा बाटली छापणाऱ्याकडे, आणि उरलेला कुठे ठेवावा ते तिला कळेना. ती न जेवता झोपली.

बुधवारी तिने एसटीने जाऊन हिराबाईंची माफी मागितली. म्हातारीने दुसरा हात पुढे केला. ते पल्लवीला शिव्यांपेक्षा जड गेलं.

रविवारी पुन्हा तेच सगळं. रघूने पाणी सोडणारी थर्मोस्टॅटची झडप काढली, तीही बरबटलेली, बदलावी लागली. एकदा धुतलं, दोनदा, तीनदा. दर वेळी थोडी साय निघायचीच. या खेपेला बादल्या केरूबाबांनी धरल्या. चौथ्या वेळी ते म्हणाले, “आता निर्मळ हाय बघ.” तिने वाकून पाहिलं. नव्हतं. “अजून एकदा,” ती म्हणाली. त्यांनी बादली पुढे सरकवली. पाचव्यांदा पाणी स्वच्छ आलं. तिने तसंच मिश्रण पुन्हा मापाने कालवून गाडीत भरलं, उरलेलं कॅनमध्ये ठेवलं. त्या कॅनवर चिकटपट्टी लावून तिने मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: ‘पल्लवीच्या गाडीचं. फक्त हेच. विष आहे.’

सोमवारी ती निघाली. शेणव्यापाशी फोन वाजला. तिने गाडी कडेला घेतली.

“काटा कुठं हाय?” केरूबाबा.

“मधोमध.”

किन्हवलीला परत वाजला. ती परत थांबली. “मधोमध आहे, बाबा.”

सरळगावच्या अलीकडे तिसऱ्यांदा. मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता, दहाला वीस मिनिटं कमी होती.

“बाबा, मधोमधच आहे! पण तुम्ही असे फोन करत राहिलात, तर मी मुरबाडला दुपारी पोचेन!”

“बरं, बरं,” ते म्हणाले. “नाय करत. पोचल्यावर तू कर.”

तिने फोन बाजूच्या सीटवर टाकला, काट्याकडे पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.