ती दहा मिनिटं

"लाईट बंद केली तरी ड्राइव्हमध्ये करंट राहतो. दहा मिनिटं हात लावायचा नाही," असं माझे मालक, एलिया, सुप्याच्या कंपनीत सगळ्यांना बजावायचे. मोटारीचा वेग सांभाळणारी ती पेटी उघडण्याआधी ते मला फोन करून मी दिलेल्या डब्यातल्या भाजीला नावं ठेवायचे. तेवढ्यात दहा मिनिटं सरायची.

त्या शुक्रवारी मी उपास-प्रार्थनेला बसले होते, फोन बंद होता. त्यांनी वाट न बघता पेटी उघडली, आणि करंट लागून गेले.

काल त्यांचे सोबती सॅम घरी आले. "वहिनी, उद्या तीच पेटी मला उघडायचीय. एकट्याला ती दहा मिनिटं निघायची नाहीत. तुम्हाला फोन लावू?"

"लावा, सॅमभाऊ. मी उचलीन."

आज प्रार्थना चालू असतानाच फोन थरथरला. आमेन व्हायच्या आधी मी कधी उठलेले नाही. आज उठले, आणि फोन घेऊन हळूच दाराकडे निघाले.