दुसऱ्या रिमोटची जागा

शिंपीकाकांनी पिशवीतून जुना व्हिडिओ गेम काढला आणि अलगद माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला.

"लेकीसाठी घेतला होता. माझा रिमोट चालतो, तिचा नाही. ती आली की खेळायला दोन्ही हवेत ना."

मी झाकण उघडलं. पहिला रिमोट जोडायच्या जागेचे पितळी काटे घासून घासून लख्ख झाले होते. दुसऱ्या जागेचे काटे वर्षानुवर्षं कुणी न शिवल्याने हिरवे पडले होते.

"एकटेच खेळता वाटतं, काका?"

"सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मशीन विकून टाकलं. हातांना काही चाळा नको का?"

काटे स्पिरिटने पुसून मी गेम दुकानातल्या टीव्हीला जोडला. लेकीचा रिमोट मी घेतला, त्यांचा त्यांनी. पडद्यावर दोन गाड्या निघाल्या. शेवटच्या वळणावर काकांची गाडी थांबली.

"रिमोट अडकला का?"

"नाही गं. लेकीला पुढे जाऊ द्यायची सवय आहे."

मी जिंकले. "झालं, काका. लेक कधी येतेय?"

"अजून विचारलं नाही. बोलणं तुटून बराच काळ झाला. आधी हे नीट होऊ दे म्हटलं." त्यांनी खिशातला फोन चाचपला आणि तिथेच राहू दिला. "पोरी, गेमचा आवाज जरा घोगरा नाही वाटत? बघ की एकदा. मला काही घाई नाही."

आवाज अगदी स्वच्छ होता. मी स्क्रू पुन्हा सैल करायला घेतले, एकेक करून, सावकाश.